लँथॅनम क्रोमाइटची कांडी भाजली, चार दिवसांत चुरा झाला. कुठे चुकलं?

कांडीखोर · ९ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, हा धागा विज्ञान विभागात टाकावा की पाककृतीत, कळत नव्हतं. पूड चाळली, मळली, साच्यात दाबली, भाजली आणि वाया घालवली. म्हणजे पाककृतीच झाली.

भोसरीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. मफल भट्ट्या दुरुस्त करतो, सोनारांच्या, कॉलेजांच्या प्रयोगशाळांच्या. कँथल या मिश्रधातूच्या तारेची भट्टी १२०० अंशांपर्यंत बिनधास्त चालते. त्यावर जायचं तर सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या, १५०० च्या आसपास. त्याच्याही वर मोलिब्डेनम डायसिलिसाइडचे यू आकाराचे एलिमेंट. ते महाग असतात आणि गार असताना हातातून निसटला तर काचेसारखा मोडतो. मागच्या महिन्यात असेच दोन मोडले आणि डोक्यात किडा शिरला. धातूचं ऑक्साइड म्हणजे आधीच जळून झालेली वस्तू, ते हवेत आणखी काय जळणार? वाचत गेलो तेव्हा लँथॅनम क्रोमाइट सापडलं, लँथॅनम आणि क्रोमियमचं मिश्र ऑक्साइड. हवेत १७०० च्या वरही चालतं आणि वीजही वाहून नेतं.

मग लँथॅनम ऑक्साइड, क्रोमियम ऑक्साइड (तीच हिरवीगार पूड) आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणलं. लँथॅनमच्या दर दहा जागांपैकी दोन स्ट्रॉन्शियमला, असा हिशेब धरला. खलात तासभर घोटलं. पीव्हीए या गोंदाचं पाणी शिंपडून ६० बाय ६ मिलिमीटरच्या डायमध्ये ४ टनांवर दाबलं. सिलिकॉन कार्बाइडच्या भट्टीत १४०० अंशांवर चार तास ठेवलं.

बाहेर आली ती काळी कांडी. मल्टिमीटरने दीडशे-दोनशे ओहम दाखवले, तेही गार असताना! बायकोला उठवून दाखवलं. तिने "बरं" म्हटलं.

चौथ्या दिवशी कांडीवर पांढरे ठिपके आले. पाचव्या दिवशी उचलायला गेलो तर बेसनाच्या लाडवासारखी बोटांत फुटली. शिवाय जिच्यावर कांडी ठेवली होती त्या विटेवर लिंबासारखा पिवळाधमक डाग पडलाय. कुठे चुकलं?

शंकासुर · ९ जुलै, रात्री ११.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण आधी एक बाळबोध शंका. ऑक्साइड म्हणजे गंज, वाळू, चिनीमाती. विजेच्या खांबावर चिनीमातीचे कप लावतात ते वीज खाली उतरू नये म्हणूनच ना? मग यातून वीज जाते कशी?

ओतकाम · १० जुलै, सकाळी ७.०५

काय राव, एकदम लँथॅनम! कोल्हापूरला आमच्या फाउंड्रीत मटेरियल उघड्यावर पडलं की दोन दिवसांत पाणी पितंय. तुमची पूड पावसाळी हवेत ओली झाली असणार. वजन करताना पाणी पण मोजलं गेलं, हिशेब चुकला. एवढंच.

तप्तमुद्रा · १० जुलै, सकाळी ९.३०

आयुष्य सिरॅमिकच्या पुडी भाजण्यात गेलं, म्हणून लिहितो. पण क्रम बदलून. आधी तो पिवळा डाग.

कांडीखोर, ती वीट झाडू नका, फुंकू नका, ब्लोअर मारू नका. हिरवी पूड क्रोमियमच्या तीन धन अवस्थेतली, ती त्या मानाने गरीब गाय. पण स्ट्रॉन्शियम किंवा कॅल्शियम सोबत असताना हवेत तापली की हजार अंशांच्या आतच तिचं पिवळं क्रोमेट होतं, म्हणजे सहा धन अवस्था. त्याची धूळ श्वासातून गेली तर कर्करोग होऊ शकतो. चांगला मास्क लावा, हातमोजे घाला, डाग ओल्या कापडाने टिपा. नंतर हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) पाणी त्यावर टाका. पिवळा रंग जाऊन मळकट हिरवट-तपकिरी झाला की क्रोमियम पुन्हा तीनवर आलं समजा. कापड, वीट, चुरा, सगळं पिशवीत बंद करा. गटारात काही नको. घातक कचऱ्यासाठी रांजणगावला सोय आहे. एमआयडीसीत कुणाचा तरी ट्रक तिकडे जातच असेल, त्याच्याबरोबर रीतसर पाठवा.

हे झाल्याचं इथे लिहा. मग पुढचं सांगतो.

कांडीखोर · १० जुलै, रात्री ९.५०

काका, वाचून हातपाय गार पडले. त्या विटेवर मी दोनदा ब्रश मारला होता. सकाळपासून तेच काम केलं. हिराकस मंडईत मिळाला, दुकानदाराने "बागेसाठी का?" विचारलं, हो म्हटलं. डाग हिरवट झाला. सगळं दोन पिशव्यांत बंद आहे. शेजारच्या प्लेटिंगवाल्याचा घातक कचरा रांजणगावला जातो, त्याच्याशी बोललोय.

तप्तमुद्रा · ११ जुलै, सकाळी ८.४५

छान. आता चुऱ्याकडे वळू.

ओतकाम म्हणतात ते अर्धं खरं आहे. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी पिऊन हायड्रॉक्साइड होतं. पूर्ण झालं तर त्याच्या वजनात सुमारे १४ टक्के पाणीच असतं. म्हणून वजन करण्याआधी ते ९००-१००० अंशांवर भाजायचं आणि गरम असतानाच बंद बरणीत घालून मोजायचं. हा पहिला धडा, तो सगळेच एकदा चुकतात. पण त्या चुकीने लँथॅनम कमी पडतं आणि क्रोमियम उरतं. उरलेली हिरवी पूड कांडीत तशीच बसून राहते, तिने चुरा होत नाही.

तुमच्या कांडीत उलटं झालंय. तिच्यात मोकळं लँथॅनम ऑक्साइड शिल्लक आहे. हातखलात तासभर घोटून लँथॅनमचे जाड कण फुटत नाहीत. कणाच्या बाहेरच्या अंगाला क्रोमाइट तयार झालं, आत गाभा तसाच राहिला. भट्टीतून निघताना कांडी ठणठणीत दिसते. मग पुण्याची जुलैची हवा तिच्या भोकांतून आत शिरते, गाभा पाणी पितो, फुगतो, आणि कांडीला आतून फोडतो. पांढरे ठिपके तेच.

शंकासुरांसाठी. वीज वाहायला धातूच लागतो असं नाही, जागा बदलू शकणारा कुणीतरी लागतो. लँथॅनमवर तीन धन भार आणि स्ट्रॉन्शियमवर दोन. दोनवाला तीनवाल्याच्या जागी बसवला की एका भाराची उणीव पडते. ती भरून काढायला जवळचा एखादा क्रोमियम तीनाचा चार होतो. आता हा 'चार' शेजाऱ्याला देता येतो, शेजारी पुढच्याला देतो. भार उड्या मारत पुढे जातो. तापमान वाढलं की उड्या सोप्या होतात, म्हणून हे पदार्थ तापल्यावर जास्त वाहतात. तांब्याच्या अगदी उलट.

शंकासुर · ११ जुलै, सकाळी ९.२०

म्हणजे 'तू घे, तू घे' करत बिल पुढे सरकवणारे मित्र. कळलं. वाचनखूण साठवली.

ओतकाम · ११ जुलै, दुपारी १.१०

काका, पटलं. आमचं 'एवढंच' मागे घेतो. पण एक सांगा, मडकं भाजतात आणि हे सिंटरिंग करतात, म्हणजे दाबलेली पूड तापवून घट्ट करतात, यात फरक काय? दोन्ही भाजणंच की.

तप्तमुद्रा · ११ जुलै, सायंकाळी ६.३०

चांगला प्रश्न, आणि कांडीखोरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

चिनीमातीत फेल्डस्पार असतो. भट्टीत तो वितळून काचेसारखा होतो आणि बाकीच्या कणांना चिकटवतो. शुद्ध ऑक्साइडमध्ये असा गोंद नसतो. तिथे काहीच वितळत नाही. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे अणू घनातल्या घनात सरकून मान तयार करतात, मान जाड होते, कणांची केंद्रं जवळ येतात, भोकं आकसतात. हे घडतं ते पुडीचा पृष्ठभाग कमी व्हावा म्हणून. म्हणून पूड जितकी बारीक तितकी ओढ जास्त. चांगली भाजलेली वस्तू लांबीत १५ ते २० टक्के आखडते. कांडीखोर, तुमची किती आखडली?

कांडीखोर · ११ जुलै, रात्री १०.००

डाय ६० ची. चुरा व्हायच्या आधी मोजली होती तेव्हा ५८ आणि थोडी.

तप्तमुद्रा · १२ जुलै, सकाळी ८.१०

तीन टक्के. म्हणजे ती भाजलीच नाही, एकमेकांना टेकून बसली होती.

आणि हा दोष फक्त तुमच्या हाताचा नाही. लँथॅनम क्रोमाइटची खोडच आहे ती. हवेत तापवलं की त्यातलं क्रोमियम सहा धनाचं ऑक्साइड होऊन वाफेने निघून जातं. ही वाफ भोकातून भोकात फिरते, एका कणावरून उठते, दुसऱ्याच्या मानेवर बसते. माना जाड होतात पण केंद्रं जवळ येत नाहीत. कण मोठे होतात, भोकंही मोठी होतात, आखडणं शून्य. १९७० च्या दशकात अमेरिकेत ग्रूप आणि अँडरसन यांनी दाखवलं की १७४० अंशांच्या सुमारास भट्टीतला प्राणवायू प्रचंड कमी केला, वातावरणाच्या १० चा उणे १२ वा घात इतका, तर क्रोमियम उडत नाही आणि कांडी घट्ट होते. दुसरी वाट म्हणजे कॅल्शियम घालायचं. त्याचं क्रोमेट मध्येच वितळतं, तात्पुरता गोंद बनून कण ओढतं आणि पुढे क्रोमाइटमध्येच मुरतं. पण त्या वाटेवर तुमचा पिवळा मित्र पुन्हा भेटणार.

म्हणजे १७०० अंशांची भट्टी बांधायला जो एलिमेंट हवा, तो भाजायलाच १७०० अंशांची भट्टी हवी.

ओतकाम · १२ जुलै, सकाळी ८.४०

नाद खुळा. घर बांधायला वीट पाहिजे आणि वीट ठेवायला घर.

ऱ्हाइनकाठचा · १२ जुलै, दुपारी २.२५

जर्मनीत इंधनघटांवर (फ्युएल सेलवर) काम करतो, उशिरा पोचलो. काकांनी सांगितलेल्यात एक भर. लँथॅनम क्रोमाइटमागे लोक लागले ते नुसत्या भट्टीसाठी नव्हेत. १९६० च्या दशकात चुंबकीय वीजनिर्मितीचं वेड होतं. दोन हजार अंशांच्या वर तापलेला, पोटॅशियम मिसळलेला वायू चुंबकाच्या मधून सोडायचा आणि भिंतीतल्या इलेक्ट्रोडवर थेट वीज घ्यायची. त्या झोतात धातू टिकेना, म्हणून वीज वाहणारी ऑक्साइडं शोधली गेली. इंग्लंडमध्ये मेडोक्रॉफ्ट यांनी स्ट्रॉन्शियम घातलेल्या क्रोमाइटवर केलेलं काम त्यातलंच. भारतातही तिरुचिरापल्लीला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि भेल यांनी मिळून असा प्रायोगिक प्रकल्प उभा केला होता. वीजनिर्मितीची ती पद्धत मागे पडली, पदार्थ मात्र इंधनघटांत आले. एका घटाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या पट्ट्या कित्येक वर्षं याच्याच होत्या. आता बऱ्याच ठिकाणी क्रोमियमयुक्त पोलाद वापरतात आणि त्यातूनही क्रोमियम उडतंच. आमच्या प्रयोगशाळेत निम्मं भांडण त्याच्याशीच चालतं.

अवांतर: खलाने मिसळण्याचा कंटाळा आला असेल तर द्रावणातून ज्वलन करून पूड बनवायची पद्धत बघा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९८० च्या दशकात रुजवली. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरियाचं पाणी ५०० अंशांच्या मफलमध्ये ठेवायचं. ते उकळतं, फेसाळतं, पेट घेतं आणि काही मिनिटांत फुलासारखं हलकं ॲल्युमिना मागे राहतं. सगळे धातू आधीच पाण्यात अणूअणूने मिसळलेले असल्याने लँथॅनमचा गाभा उरण्याचा प्रश्नच येत नाही. घरी मात्र करू नका. नायट्रेट अधिक इंधन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

शंकासुर · १२ जुलै, दुपारी ३.००

हे सगळं प्रयोगशाळेत आणि जर्मनीत. माझ्या घरात असं वीज वाहणारं ऑक्साइड एक तरी आहे का?

ऱ्हाइनकाठचा · १२ जुलै, दुपारी ३.३०

चिक्कार. डास पळवायचं बाटलीवालं मशीन उघडा (प्लग काढून!). आत बेरियम टायटनेटची चकती असते. ती ठराविक तापमानाच्या वर गेली की स्वतःच रोध वाढवते, म्हणून मशीन रात्रभर लावूनही जळत नाही. काही एक्स्टेन्शन बोर्डांत विजेचा झटका गिळणारी निळी चकती असते, ती झिंक ऑक्साइडची, बिस्मथ घालून भाजलेली. आणि भारत स्टेज ६ ची मोटरसायकल असेल तर तिच्या सायलेन्सरच्या नळीत झिर्कोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) सेन्सर आहे, धुरातला प्राणवायू मोजतो.

ओतकाम · १२ जुलै, दुपारी ४.१५

झिर्कोनिया आमच्याकडं पण हाय. वितळलेल्या पोलादात प्राणवायू मोजायची कांडी बुडवतात, तिच्या टोकाला असतो. सात-आठ सेकंदांत आकडा देतो आणि मरतो.

दंतकथा · १३ जुलै, सकाळी ११.००

वाचनमात्र होते, पण झिर्कोनिया निघाला म्हणून राहवेना. नाशिकला माझी दातांची लॅब आहे. आम्ही कॅप बनवतो त्या झिर्कोनियाच्याच. ९८ मिलिमीटरची खडूसारखी चकती येते, मशीन त्यातून दात कोरतं, मग १५०० अंशांवर भाजतो. प्रत्येक चकतीवर तिच्या आखडण्याचा आकडा छापलेला असतो, १.२२, १.२४ असा. त्या पटीने दात मोठा कोरायचा. काका म्हणाले ते २० टक्के आम्ही रोज बघतो, नावं माहीत नव्हती एवढंच. आमच्या भट्टीत कांडीखोरांचे ते नाजूक यू एलिमेंटच आहेत आणि हो, ते मोडतात.

प्रश्न असा. दाताची कॅप वीज वाहते का? आणि कोरून उरलेल्या चकत्यांचं काय करता येईल? पोतंभर साठल्यात.

तप्तमुद्रा · १३ जुलै, दुपारी १२.४०

ताई, तुम्ही धाग्याचं भाग्य घेऊन आलात.

गार कॅप वीज वाहत नाही, पेशंटला घाबरवू नका. ती लाल झाल्यावर वाहते. आणि यातून एकेकाळी दिवे लागत होते.

शुद्ध झिर्कोनिया भाजून गार करताना ११७० अंशांच्या खाली कुठेतरी रचना बदलतो, फुगतो आणि तडकतो. त्याला आवरायला यट्रिया, म्हणजे यट्रियमचं ऑक्साइड, घालतात. झिर्कोनियम चार धनाचा, यट्रियम तीन धनाचा. दोन यट्रियम आले की प्राणवायूची एक जागा रिकामी राहते. पंगतीत एक पाट रिकामा आहे असं समजा. शेजारचा सरकून त्यावर बसतो, त्याचा पाट रिकामा होतो, मग पुढचा सरकतो. इथे भार घेऊन चालतो तो प्राणवायूचा आयन स्वतः, इलेक्ट्रॉन नव्हे.

गॉटिंगेनच्या वाल्थर नर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये याचा दिवा केला. सुमारे ८५ भाग झिर्कोनिया, १५ भाग यट्रियाची बारीक कांडी. निर्वात फुगा लागत नव्हता, कारण हवेत जळण्यासारखं काही नव्हतंच, कांडीखोरांचाच मुद्दा. उजेड त्या काळच्या कार्बन तारेच्या दिव्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. जर्मनीच्या एईजी कंपनीने पेटंटसाठी दहा लाख मार्क मोजले, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिचा विभाग याच दिव्यांनी उजळला होता. खोड एकच. गार कांडी वाहत नाही, म्हणून आधी काडीने किंवा प्लॅटिनमच्या कॉइलने तापवावी लागे. टंगस्टनची तार आली आणि बटण दाबताच दिवा लागू लागला, मग कुणाला थांबायला वेळ? नर्न्स्टला पुढे नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. ही कांडी वीज वाहते ती प्राणवायूच्या रिकाम्या जागांमुळे, हे कार्ल वाग्नरने मांडलं १९४३ मध्ये. म्हणजे दिवा आधी लागला, का लागला ते जवळपास अर्ध्या शतकाने कळलं.

कांडीखोर, क्रोमियम सोडा. ताईंच्या चकतीतून कांडी काढा.

कांडीखोर · १३ जुलै, दुपारी १.०५

ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. कुरियरचे पैसे माझे.

दंतकथा · १३ जुलै, दुपारी १.३०

पैसे नकोत, दिव्याचा फोटो हवा. काका, कोणती चकती पाठवू? दाढांसाठीची असते ती ताकदीची, यट्रिया ३ टक्के. पुढच्या दातांसाठी पारदर्शक लागते, तिच्यात ५ टक्के.

तप्तमुद्रा · १३ जुलै, दुपारी १.५०

पुढच्या दातांची. आठ टक्क्यांपर्यंत यट्रिया वाढवली की वाहकताही वाढते. पाट जास्त रिकामे.

दंतकथा · १८ जुलै, रात्री ८.३०

कळवते. मीच चकतीच्या कडेतून चार कांड्या कोरल्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या, आणि दातांबरोबर भट्टीत घातल्या. आठ तासांचा प्रोग्रॅम, वर दोन तास मुक्काम. बाहेर आल्या दोन मिलिमीटरच्या, वीस लांब. एक घासताना मोडली. टेबलावर टाकल्या की काचेसारख्या किणकिणतात. भाजण्याआधी नखाने ओरखडा उठत होता, आता करवतीचं पातं बोथट झालं. तीन पाठवल्या.

कांडीखोर · २३ जुलै, रात्री ११.४५

मिळाल्या. टोकांना तार कशाची बांधू यावर अडलो होतो. नायक्रोम पहिल्याच प्रयत्नात टोकाशी वितळून गोळा झाली. ओतकाम यांनी मेलेल्या थर्मोकपलचा (भट्टीचं तापमान मोजायच्या जोडतारेचा) ०.५ मिलिमीटरची प्लॅटिनम तार असलेला तुकडा पाठवला, तो कामी आला. दोन्ही टोकांना चार-चार वेढे घट्ट मारले.

आज संध्याकाळी जोडणी केली. गार कांडीवर मीटर काहीच दाखवत नाही, सरळ तुटलेली तार म्हणतो. काकांनी फोनवर बजावलं होतं की कांडी तापली की रोध पडतो, रोध पडला की प्रवाह वाढतो, ती आणखी तापते आणि स्वतःला संपवते. म्हणून मालिकेत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला. खोक्यावर काच, चालू-बंद बटण दूर, हातात काहीही नाही.

ब्लोटॉर्चने कांडी लाल केली. बल्बची तार आत किंचित लाल झाली तेव्हाच कळलं की गाडी सुटली. टॉर्च बाजूला घेतला. कांडी नारिंगी राहिली, विझली नाही! पण नारिंगीच. मग दोन बल्ब समांतर जोडून पुन्हा केलं. या वेळी ती नारिंगीवरून पिवळी आणि पिवळीवरून पांढरट होत गेली. बघवेना, वेल्डिंगचा चष्मा चढवला. ०.५५ अँपिअर, कांडीवर ८० व्होल्ट. म्हणजे साधारण १४५ ओहम. जी गार असताना तुटलेली तार होती ती!

बायकोला उठवलं. या वेळी ती दहा मिनिटं बघत बसली.

शंकासुर · २४ जुलै, सकाळी ६.५०

जबरी! पहाटे वाचलं, अंगावर काटा आला. गणपतीच्या आरासीत लावता येईल का? आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओळीने जोडून चालेल का, म्हणजे मांडवात घेऊन जाता येईल?

तप्तमुद्रा · २४ जुलै, सकाळी ८.००

अभिनंदन कांडीखोर, ताई, ओतकाम.

शंकासुर, दोन्हीला नाही. उघड्या तारेवर घरातली वीज खेळतेय, पोराबाळांच्या मांडवात ती नको. आणि बॅटरीचा एकदिशा प्रवाह दिलात तर प्राणवायू एकाच बाजूला ढकलला जाईल. ऋण टोकाकडची बाजू प्राणवायू गमावून काळी पडत जाईल, शेवटी तिथेच कांडी मोडेल. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा फेरी मारते, म्हणून पंगत पुढे-मागे सरकते आणि कुणी उपाशी राहत नाही.

ऱ्हाइनकाठचा · २४ जुलै, दुपारी १२.१५

सुंदर. हीच कांडी पुढे कितीतरी वर्षं अवरक्त किरणांचा स्रोत म्हणून वर्णपटमापकांत होती. नाव अजून 'नर्न्स्ट ग्लोअर'च.

कांडीखोर · २४ जुलै, रात्री १०.२०

एक अडचण. दोन्ही टोकांना चारेक मिलिमीटर भाग लालच राहतो, मधला पांढरा. तार सैल आहे की काय? आणि काका, भट्टीचा एलिमेंट म्हणून हे चालेल का? मूळ दुखणं तेच होतं.

तप्तमुद्रा · २५ जुलै, सकाळी ८.२०

सैल नाही, जाड आहे. प्लॅटिनम उष्णता ओढून नेतं, अर्ध्या मिलिमीटरची तार तुमच्या दोन मिलिमीटरच्या कांडीला पंख्यासारखी गार करतेय. ०.२ किंवा ०.३ ची घ्या, वेढे तेवढेच.

भट्टीसाठी चालतं. झिर्कोनियाच्या एलिमेंटवर हवेत २००० अंशांच्या पुढच्या भट्ट्या चालतात. पण त्यांना आधी हजार-बाराशेपर्यंत तापवणारी दुसरी भट्टी बाहेरून लागते, टॉर्चसारखी. ती तुमच्याकडे आधीच आहे, कँथलची. मधे लहानशी झिर्कोनियाची नळी, बाहेर मफल. मूठभर फुटाणे मावतील एवढी जागा मिळेल, जास्त नाही. तापवणं आणि गार करणं फार हळू लागेल, नाहीतर नळी तडकेल.

दंतकथा · २५ जुलै, सकाळी १०.०५

नळी कोरता येईल, चकती २५ मिलिमीटर जाडीचीही येते. भाजून २० उंच होईल. एकावर एक रचता येतील का? फोटो अजून आलेला नाही, बरं का.

ओतकाम · २५ जुलै, सकाळी १०.४०

०.३ ची तार हाय आपल्याकडं, हातभर निघंल. सांगलीहून पुण्याला जाणाऱ्या पाहुण्याकडं देतो, सोमवारी स्वारगेटवर घ्या. फोटो आधी ताईंना पाठवा.